साथीच्या काळात कॉलेजचा जिमखाना कसा चालू ठेवायचा

साथ आली की सगळ्यात आधी स्पर्धा रद्द झाल्याचं पत्र येतं, आणि मग बऱ्याच कॉलेजांत जिमखान्याला कुलूप लागतं कारण झोनलच (विभागातल्या कॉलेजांच्या स्पर्धाच) नाही तर प्रॅक्टिस कशासाठी असा विचार होतो. माझं म्हणणं असं आहे की स्पर्धा गेल्या तर जाऊ देत, पोरं जाता कामा नयेत. कोविडचंच उदाहरण घ्या, २०२० मध्ये पहिली खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्स भुवनेश्वरला २२ फेब्रुवारी ते १ मार्च झाली, दुसरी थेट २४ एप्रिल २०२२ ला बेंगळुरूत सुरू झाली. मध्ये दोन वर्षांच्या वर काळ गेला आणि आपली डिग्री तीन वर्षांची, म्हणजे एफवायला घेतलेलं पोरगं एकही मोठी स्पर्धा न खेळता टीवाय होऊन बाहेर पडलं. त्या दोन वर्षांत ज्या कॉलेजांनी पोरांना धरून ठेवलं त्यांच्या टीम २०२२ ला उभ्या राहिल्या, बाकीच्यांना शून्यापासून सुरुवात करावी लागली. पुढची साथ कधी येईल, कशाची येईल कुणालाच ठाऊक नाही, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, फिजिकल डायरेक्टर, मानधनावरचे कोच, जिमखाना चेअरमन अशा सगळ्यांसाठी.

पहिल्या आठवड्यात फक्त फोन

कॉलेज बंद झाल्याचं कळलं की बाकी काही करू नका, टीममधल्या प्रत्येक पोराला आणि पोरीला स्वतः फोन करा. ग्रुपवर मेसेज टाकून भागत नाही. हॉस्टेलची पोरं दोन दिवसांत गावी पांगतात, मग नंबर लागत नाहीत, काहींचा फोन वडिलांचा असतो आणि वडील दिवसभर रानात. एक वही करा आणि त्यात हे लिहा: आत्ता कुठे आहे, फोन कुणाचा आहे, घरी किती माणसं आणि त्यात म्हातारं किंवा आजारी कोण, पळायला व्यायामाला जागा आहे का, रेंज आहे का, आणि घरचं उत्पन्न चालू आहे की थांबलंय. शेवटचा प्रश्न विचारायला अवघड वाटतो पण तोच सगळ्यात महत्त्वाचा, कारण वडिलांचं काम सुटलेलं पोरगं एमआयडीसीत किंवा भाजीच्या गाडीवर जायला लागतं आणि मग ते मैदानावर परत येत नाही. अशा पोरांची वेगळी यादी प्राचार्यांकडे न्या, फी हप्त्यात घेता येते, विद्यार्थी कल्याण निधी असतो, माजी खेळाडू मदत करतात. फक्त हे वेळेत झालं पाहिजे.

मुलींकडे जास्तच लक्ष द्या. कॉलेज चालू असताना मुलगी खेळते याला घरचे कसेबसे तयार झालेले असतात, कॉलेज बंद झालं की तो आधारच जातो आणि स्थळं बघायला सुरुवात होते. मॅडम असतील तर त्यांनी आईशी बोलावं, नसतील तर तुम्ही आईवडील दोघांशी बोला, आणि महिन्यातून एकदा तरी बोला. भालाफेकीची एक मुलगी डोळ्यासमोर आहे, घराशेजारच्या पडीक रानात बांबूचा भाला घेऊन रोज फेकायची आणि तिचा धाकटा भाऊ व्हिडिओ काढून पाठवायचा. तो व्हिडिओ बघून सरांनी आईला फोन करून सांगितलं की पोरीचा हात सुधारलाय, आणि त्या एका फोनने घरातलं वातावरण बदललं. असे फोन करायला एक पैसा लागत नाही.

कुणी ठरवायचं ते आधी ठरवा

साथीत दर आठवड्याला नियम बदलतात. केंद्राचं एक, राज्याचं दुसरं, महापालिका किंवा जिल्हाधिकाऱ्यांचं तिसरं, आणि तुमचं मैदान कंटेनमेंट झोनमध्ये गेलं तर सगळंच बंद. १७ मे २०२० च्या केंद्राच्या आदेशात प्रेक्षकांशिवाय स्टेडियम उघडायला परवानगी होती, पण महाराष्ट्रात ३ जूनपासून मिशन बिगिन अगेन (लॉकडाउन टप्प्याटप्प्याने उठवणं) सुरू झालं तेव्हा उघड्यावर पहाटे ५ ते संध्याकाळी ७ व्यायाम करा, ग्रुपने काही करायचं नाही, असं होतं. म्हणजे केंद्राचा आदेश वाचून कुणी टीम बोलावली असती तर अडकला असता. नियम असा पाळा की यातला सगळ्यात कडक जो असेल तो आपला, आणि त्याची प्रिंट काढून तारखेसकट फाइलला लावा.

निर्णयासाठी छोटी समिती पुरते, प्राचार्य, क्रीडा संचालक, एक डॉक्टर, आणि एक पालक. डॉक्टर क्रीडावैद्यकवाला मिळाला तर उत्तम नाहीतर तालुक्याचा एमडी फिजिशियन चालेल. पण एक गोष्ट लेखी ठरवा: खेळाडूला मैदानावर सोडायचं की नाही यात डॉक्टरचा शब्द शेवटचा, त्यात कोचनेही बोलायचं नाही आणि प्राचार्यांनीही नाही. मॅच तोंडावर आली की सगळ्यांवर दबाव येतो, तेव्हा हा कागद कामी येतो.

मैदानावरचे मामा, ऑफिसचे शिपाई काका, साठीला आलेले कोच, यांचा विचार पोरांच्या आधी करा. वीस वर्षाच्या पोराला साधा ताप येऊन जाईल, पण मामांना शुगर आणि बीपी दोन्ही असतं आणि सगळ्या पोरांच्या हातातलं सामान तेच गोळा करतात. साथ जोरात असेल तेव्हा सामान पोरांनीच काढायचं आणि पोरांनीच ठेवायचं, मामांनी लांबून किल्ली द्यायची. आणि मानधनावरच्या कोचचं मानधन थांबवू नका यासाठी मॅनेजमेंटशी भांडा, अगदी निम्मं मिळालं तरी चालेल पण चालू राहिलं पाहिजे, कारण तो माणूस एकदा दुसऱ्या कामाला लागला की तुमचा खो-खोचा संघ गेला.

घरी व्यायाम काय द्यायचा

रोज झूमवर तास घ्यायचा हट्ट नको. खेड्यात रेंज नाही, डेटा पुरत नाही, आणि ऑनलाइन लेक्चर करून पोरं आधीच कंटाळलेली असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर आठवड्याचा चार्ट आणि रोज सकाळी सरांचा एक व्हॉइस मेसेज, एवढं पुरतं. चार्ट घरात जे आहे त्यावर बनवा, वाळू भरलेली गोणी, पाण्याची कळशी, बांधावरून उड्या, टेकडी असेल तर चढाचे स्प्रिंट, भिंतीला टेकून बसणं, दोरीच्या उड्या, सूर्यनमस्कार, जोर-बैठका. शहरातल्या वन रूम किचनमधल्या पोराला वेगळा चार्ट द्या, त्याला जिना आणि दोन फरश्यांची जागा आहे असं धरून.

कबड्डीवाल्यांना फूटवर्क, टो टच, हँड टच, बोनस लाइनच्या स्टेप खडूने रेघ मारून एकट्याने करता येतात. खो-खोवाले झाडं किंवा विटा मांडून सिंगल चेन पळू शकतात, बसून उठायची चपळाई आणि श्वास टिकतो. कुस्तीवाल्यांचं अवघड आहे, तालमीतली पकड घरात होत नाही, पण मान, कंबर आणि दम तिन्ही राखता येतं.

खाण्याबद्दल नुसतं प्रोटीन घ्या म्हणू नका. मेस बंद, पैसे कमी, म्हणून शेंगदाणे-गूळ, मोड आलेली मटकी, अंडी परवडत असतील तर अंडी, दूध-दही घरचं असेल तर ते, ज्वारी-बाजरीची भाकरी आणि डाळ असं स्पष्ट सांगा. वजनी गटातल्या पोरांचं वजन महिन्याला लिहून घ्या म्हणजे परत आल्यावर एकदम सहा किलो उतरवायची वेळ येत नाही.

मैदान परत उघडताना

इथे सगळ्यात जास्त विचार करा, कारण दोन वेगळे धोके एकदम येतात, एक साथीचा आणि दुसरा दुखापतीचा.

आधी साथीचा. उघडं मैदान बंद हॉलपेक्षा कितीतरी बरं, म्हणून जे जे बाहेर करता येईल ते बाहेर आणा, वजनं, स्ट्रेचिंग, अगदी टीम मीटिंगसुद्धा झाडाखाली. बॅडमिंटन हॉल वापरायचाच असेल तर सगळ्या खिडक्या-दारं उघडी, एक्झॉस्ट चालू, शटल वाऱ्याने हलतंय अशी तक्रार येणार, येऊ दे. २०२० मध्ये कितीतरी ठिकाणी गेटवर फवारणीचे बोगदे उभे केले होते, आरोग्य मंत्रालयाने १८ एप्रिल २०२० लाच सांगितलं होतं की माणसांवर असं केमिकल फवारू नका, उपयोग नाही आणि अपाय होऊ शकतो. तो पैसा एक्झॉस्ट फॅन आणि ऑक्सिमीटरवर घाला. सामान पुसा, पण हायपोक्लोराइट (ब्लीचचं पाणी) लोखंडी बार आणि प्लेटवर वापरलं तर गंज चढतो, तिथे सत्तर टक्के अल्कोहोलवालं स्पिरिट किंवा साबणाचं पाणी बरं. जोरात पळताना मास्क लावायला लावू नका, डब्ल्यूएचओचाही तोच सल्ला होता, मास्क थांबल्यावर, बोलताना, सामान घेताना, गाडीत.

साथीसाठीच आणखी एक, लहान गट. पूर्ण टीम एकत्र कधीच नाही. सहा-सहाचे गट पाडा, तीच पोरं, तीच वेळ, तोच कोच, आणि शक्यतो एकाच खोलीत किंवा एकाच वाडीत राहणारी पोरं एका गटात, म्हणजे एकाला लागण झाली तर त्या सहांना थांबवायचं, बाकीचा जिमखाना चालू. आम्ही मैदानावर फक्कीने चौकोन आखून घेतले होते, प्रत्येक चौकोन चार पावलांचा आणि मध्ये तेवढीच मोकळी जागा, चौकोनाच्या कोपऱ्यात ज्याची त्याची बाटली आणि टॉवेल, वॉर्मअप आणि स्ट्रेचिंग सगळं चौकोनात. एक गट गेल्यावर दुसरा यायच्या मध्ये पंधरा मिनिटं रिकामी. पाऊस पडला की फक्की पुसते, परत मारायची, कंटाळा करू नका, नुसतं अंतर ठेवा म्हणून सांगितलं तर पाच मिनिटांत सगळे एकत्र येऊन गप्पा मारतात. चेंजिंग रूम बंद, पोरांनी घरूनच कपडे घालून यायचं, मुलींसाठी टॉयलेट मात्र उघडं आणि स्वच्छ पाहिजे, यात तडजोड नको.

खेळांचा क्रम धोक्याप्रमाणे लावा. सगळ्यात आधी अ‍ॅथलेटिक्स, तिरंदाजी, नेमबाजी, टेनिस. मग क्रिकेट, व्हॉलीबॉल, फक्त स्किल. बास्केटबॉल आणि फुटबॉल त्यानंतर. कबड्डी, कुस्ती, ज्युदो सगळ्यात शेवटी. कबड्डीत एक रेडर तोंडाने कबड्डी कबड्डी म्हणत जातो आणि सात जण त्याच्या अंगावर पडतात, यापेक्षा जवळचा संपर्क खेळात क्वचितच असेल. म्हणून त्यांना आधी फक्त फूटवर्क, मग ठरलेल्या जोड्यांत पकड, तीच जोडी महिनाभर, आणि आसपासच्या केसेस उतरल्याशिवाय पूर्ण सात-सात नाही. कबड्डीची पोरं नाराज होतात, आपल्याकडचा मान त्याच खेळाला जास्त, त्यांना बसवून समजावून सांगा.

रोज गेटवर थर्मामीटर गन लावणं ठीक आहे पण त्यावर विसंबू नका, ताप नसतानाही लागण असते. त्यापेक्षा पाच प्रश्न विचारा, ताप, खोकला, घसा, वास-चव, आणि घरात कुणी आजारी आहे का. पोरगं खोटं बोलतं ते भीतीपोटी, टीममधली जागा जाईल म्हणून. पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर जाहीर करा की जो सांगेल त्याची जागा राखून ठेवणार, आणि तसं एकदा करून दाखवा. मग पोरं रात्री अकराला फोन करून सांगतात की सर घसा खवखवतोय, उद्या येत नाही. ही गोष्ट कुठल्याही मशीनपेक्षा जास्त साथ थांबवते.

आता दुखापतीचं. चार महिने घरी बसलेलं पोरगं मैदान बघून वेड्यासारखं पळतं आणि आठवड्यात हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) जातो. अमेरिकेत २०११ मध्ये एनएफएल या फुटबॉल लीगचा लॉकआउट (मालकांनी खेळाडूंना बाहेर ठेवलं होतं तो) संपला तेव्हा कॅम्प सुरू झाल्याबरोबर अकिलिस टेंडन (टाचेमागची शीर) तुटायच्या केसेस एकदम वाढल्या होत्या, ते तर प्रोफेशनल होते. तिथल्या कॉलेजच्या स्ट्रेंथ कोचांमध्ये एक हिशेब चालतो तो मला फार आवडतो: पहिल्या आठवड्यात नेहमीच्या कामाच्या निम्मं, दुसऱ्यात ३० टक्के कमी, तिसऱ्यात २० टक्के कमी, चौथ्यात १० टक्के कमी, आणि मग पूर्ण. उन्हाळ्यात उघडलं तर अंगाला उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस द्या. शिक्षा म्हणून दोनशे बैठका तर अजिबात नाही, बऱ्याच दिवसांनी असा मारा केला की स्नायू फुटून किडनीवर येतं, लघवी चहाच्या रंगाची झाली की थेट हॉस्पिटल.

लागण होऊन बरं झालेलं पोरगं

रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणजे खेळायला मोकळा, असं नाही. कोविडमध्ये हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते हे कळल्यावर जगभर याची धास्ती होती. ब्रिटनमधल्या क्रीडा-डॉक्टरांनी २०२० मध्ये एक टप्प्यांची पद्धत दिली, ती आपल्याकडे सहज करता येते. लक्षणं सुरू झाल्यापासून निदान दहा दिवस विश्रांती, आणि शेवटचे सात दिवस कसलंही लक्षण नको, तापाची गोळीही चालू नको. मग दोन दिवस फक्त चालणं किंवा हलका जॉग, पंधरा मिनिटं, नाडी कमाल ठोक्यांच्या ७० टक्क्यांच्या आत. मग ८० टक्क्यांच्या आत एक दिवस अर्धा तास, एक दिवस पाऊण तास, मग दोन दिवस एक तास, मग लवकरात लवकर सतराव्या दिवसापासून नेहमीचं ट्रेनिंग, आणि मॅच त्यानंतरच.

ठोके दाखवणारं महागडं घड्याळ लागत नाही यासाठी. वीस वर्षाच्या पोराचे कमाल ठोके साधारण २०० धरायचे, म्हणजे २२० वजा वय. ७० टक्के म्हणजे १४०. थांबल्याबरोबर मानेवर दोन बोटं ठेवून पंधरा सेकंद मोजायचं, ३५ च्या आत आलं तर बरोबर, ८० टक्क्यांच्या टप्प्याला ४० च्या आत. सकाळी अंथरुणातली नाडीही रोज लिहायला लावा, ती नेहमीपेक्षा बरीच चढलेली दिसली तर त्या दिवशी पुढचा टप्पा नाही.

छातीत दुखणं, धडधड, न झेपणारा दम, चक्कर, यातलं काहीही आलं की तिथेच थांबवा आणि ईसीजीला पाठवा. ज्याला हॉस्पिटलला अ‍ॅडमिट व्हावं लागलं त्याला हृदयाची तपासणी झाल्याशिवाय बूट बांधू देऊ नका. आजारपणात घरी असताना ऑक्सिमीटर लावायला सांगा, बसल्या जागी आकडा ९४ च्या खाली आला तर डॉक्टर, आणि सहा मिनिटं चालून ९३ च्या खाली गेला किंवा तीनहून जास्त अंकांनी पडला तरी डॉक्टर. नखाला नेलपॉलिश किंवा बोटाला गडद मेंदी असली की आकडा चुकतो, मुलींना आठवणीने सांगा. ही सगळी माहिती कोविडची आहे, पुढच्या साथीचा आजार वेगळा असेल तर दिवसांचे आकडे डॉक्टरकडून नव्याने घ्या, टप्प्याटप्प्याने चढायचं हे मात्र तसंच राहील.

स्पर्धेला जायचं ठरलं तर

स्पर्धा सुरू झाल्या की सगळ्यांना जायचंच असतं. आयोजक कॉलेजला आधीच विचारा: प्रेक्षक नाहीत ना, राहायची सोय डॉर्मिटरीत आहे की दोघादोघांच्या खोलीत, जेवण पंगतीत की पॅकेट, आणि कुणी पॉझिटिव्ह आला तर त्याला ठेवणार कुठे. शेवटच्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही तर टीम नेऊ नका. ट्रेनच्या जनरल डब्यापेक्षा खिडक्या उघड्या ठेवून कॉलेजची बस किंवा भाड्याची गाडी बरी, खर्च जास्त येतो पण त्या वर्षी ट्रॅकसूट आणि ब्लेझरचे पैसे वाचलेले असतात तिकडून वळवा, फक्त जिमखाना समितीचा ठराव करून. टेस्ट लागणार असेल तर किती तासांच्या आतला रिपोर्ट चालतो ते वाचा आणि परतीचाही विचार करा. एक जण मॅनेजर म्हणून फक्त आजारपणासाठी ठेवा, त्याने स्कोअरशी संबंध ठेवायचा नाही, त्याच्याकडे गाडी, पैसे आणि जवळच्या हॉस्पिटलचा नंबर.

पालकांचं संमतिपत्र घ्याच, पण त्यावर सही आहे म्हणून कॉलेजची जबाबदारी संपली असं समजू नका. मराठीत लिहा, मोठ्या अक्षरात, धोका काय आहे ते स्वच्छ, आणि पालक नाही म्हणाले तर पोराचं काहीही नुकसान होणार नाही हे वाक्य त्यात असलंच पाहिजे.

टीवायची पोरं आणि कागदपत्रं

अमेरिकेत १२ मार्च २०२० ला एनसीएएने (तिथल्या कॉलेज खेळांच्या संघटनेने) हिवाळी आणि स्प्रिंग सीझनच्या उरलेल्या सगळ्या चॅम्पियनशिप रद्द केल्या आणि ३० मार्चला स्प्रिंग सीझनच्या खेळाडूंना खेळायला एक वर्ष वाढवून दिलं. आपल्याकडे असं आपोआप काही होत नाही, मागावं लागतं. आपल्या पोरांचं तर पदकाच्या पुढचं अडकलेलं असतं, महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पोलीस भरती आहे, परीक्षेचे क्रीडा गुण आहेत, आणि हे सगळं सर्टिफिकेटवर चालतं. दोन वर्षं स्पर्धा नाही म्हणजे दोन वर्षं सर्टिफिकेट नाही.

म्हणून सीझन रद्द झाल्याचं पत्र आलं त्याच आठवड्यात शेवटच्या वर्षाच्या आणि वयाच्या मर्यादेला आलेल्या खेळाडूंची यादी करा. प्रत्येकाची मागची सर्टिफिकेटं, पात्रता फॉर्म, निवड चाचणीचा निकाल, संघात निवड झाल्याचं पत्र, सगळं स्कॅन करून एका ठिकाणी ठेवा, घरच्या पत्र्याच्या पेटीतले कागद पुरात आणि स्थलांतरात जातात. मग विद्यापीठाच्या क्रीडा संचालकांना प्राचार्यांच्या सहीने पत्र पाठवा, वयात आणि वर्षात सवलत मागा, एकट्याने नाही तर झोनमधल्या आठ-दहा कॉलेजांनी मिळून, आणि विनंती करा की हे आंतरविद्यापीठ स्पर्धा भरवणाऱ्या असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजकडे पुढे जावं. पत्राची पोच घ्या, पंधरा दिवसांनी परत फोन करा. ज्याला सवलत मिळणार नाही त्याला एमएला किंवा बीपीएडला (शारीरिक शिक्षणाच्या पदवीला) अ‍ॅडमिशन घेऊन खेळता येतं का ते तुम्हीच बघून सांगा, अ‍ॅडमिशनची शेवटची तारीख निघून जायच्या आत.